ऐकलेलं पानिपत जातं कुठे?

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून पुण्याला जाता-येता मी पानिपतावरचं एक भलंमोठं ऑडिओबुक ऐकून संपवलं. आठवड्याला दोन फेऱ्या, फेरीला अडीच-तीन तास, खिडकीची जागा आणि कानात इअरफोन. अर्ध्या तिकिटात अख्खं पानिपत. याचा मला इतका अभिमान वाटला की रविवारी नाश्त्याला बसल्या बसल्या बाबांना सांगून टाकलं. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांनी कौतुक वगैरे केलं नाही, सरळ प्रश्न टाकला.

"बरं, मग लढाईच्या दिवशी दिल्ली कुणाच्या पाठीमागे होती?"

"आपल्या. अब्दाली अफगाणिस्तानातून आलेला, म्हणजे तो वर, आपण खाली."

"उलटं. अगं, तेच तर सगळं पानिपत आहे!"

मग त्यांनी टेबलावरच युद्ध मांडलं. उभा ठेवलेला वाढायचा डाव म्हणजे यमुना. खाली मिठाची डबी म्हणजे दिल्ली, वर साखरेचा डबा म्हणजे कुंजपुरा. कप म्हणजे सदाशिवरावभाऊ, बशी म्हणजे अब्दाली. कप डावाच्या डावीकडे, बशी उजवीकडे. ऑक्टोबर १७६० मध्ये कप दिल्लीहून वर सरकला आणि त्याने साखरेचा डबा, म्हणजे कुंजपुरा, घेतला. तेवढ्यात बशीने बागपतपाशी डाव ओलांडला आणि ती मिठाच्या डबीच्या आणि कपाच्या मधोमध येऊन बसली. कप माघारी फिरला तो पानिपताला येऊन थांबला. मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला, आणि दिल्लीची वाट त्याच्या ताब्यात. पुढचे अडीच महिने छावणीत उपासमार का झाली आणि १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडून वाट फोडण्यावाचून दुसरा इलाज का उरला नाही, ते मला कप-बशीत दोन मिनिटांत कळलं.

गंमत म्हणजे हे सगळं त्या ऑडिओबुकात होतं. मी नंतर मागे जाऊन तपासलं. निवेदकाने बागपत स्पष्ट उच्चारलं होतं, "आता मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला" असंही सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र अब्दाली शेवटपर्यंत वरच बसून राहिला होता.

हल्ली प्रवासात व्याख्यानं आणि इतिहासाची पुस्तकं ऐकणारे पुष्कळ झालेत, आणि त्यांच्यात एक वाद सतत चालू असतो: ऐकलं म्हणजे वाचलं म्हणायचं का? माझ्या मते प्रश्न जरा चुकलाय. ऐकताना डोक्यात काय घडतं हे आधी बघितलं, तर काय ऐकावं आणि कसं ऐकावं हे आपोआप उलगडत जातं.

## डोळा गुपचूप मागे जातो

वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बेडकासारख्या उड्या मारते, आणि त्यातल्या शेकडा दहा-पंधरा उड्या उलट्या, मागच्या शब्दाकडे असतात. नाव नीट लागलं नाही, 'त्याने' म्हणजे कोणी ते कळलं नाही, की डोळा क्षणात मागे जाऊन येतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय अवघड परिच्छेदाला आपण न ठरवता हळू होतो, सोप्याला वेग घेतो, आणि मध्येच छताकडे बघत थांबतोही.

कानाला यातलं काहीच करता येत नाही. निवेदक बागपत आणि नाश्ता एकाच वेगाने सांगतो. मागे जायचं तर खिशातून फोन काढा, कुलूप उघडा, पंधरा सेकंद मागे करा, आणि तेवढ्यात कंडक्टर "पुढे सरका" म्हणतो. म्हणून आपण मागे जात नाही. 'कळेल पुढे' म्हणून ऐकत राहतो. या एका उणिवेतून पुढचं जवळजवळ सगळं निघतं.

## दोन सेकंदांची पाटी

मानसशास्त्रात 'कार्यस्मृती' असा एक शब्द आहे. आत्ता, या क्षणी, डोक्यात धरून ठेवलेला ऐवज म्हणजे कार्यस्मृती. दुकानदार यादी ऐकत सामान काढत असतो, तेव्हा तो हीच स्मृती वापरतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोघांनी १९७४ मध्ये तिचं जे चित्र मांडलं, त्यात ऐकलेल्या आवाजासाठी एक छोटी पाटी आहे आणि दिसणाऱ्या गोष्टींसाठी, जागेसाठी, दुसरी. आवाजाची पाटी जेमतेम दोन सेकंदांचं बोलणं धरते. मनात घोकलं नाही तर पुसली जाते.

गोष्ट असेल तर हे चालून जातं, कारण वाक्याचा अर्थ लागला की शब्द पुसले गेले तरी बिघडत नाही. इतिहासाची अडचण वेगळी आहे. तिथे शब्दच माल असतो. सदाशिवराव, भाऊ आणि भाऊसाहेब ही एकाच माणसाची नावं. अब्दालीकडे खानांची रांग, आणि आपल्याकडेही एक इब्राहिमखान गारदी. ओळखीतून येणारं चित्र नसेल तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात भाऊंची तीन माणसं होतात आणि सगळ्या खानांचा मिळून एक.

आणि नकाशा? तो दुसऱ्या पाटीवरचा. कानातून आलेल्या 'उत्तरेला', 'पैलतीरी', 'बागपतजवळ' या शब्दांतून तो मनात काढावा लागतो. आधी काढलेला नसेल तर मन जवळचं, सोयीचं चित्र उचलतं. अफगाणिस्तान वर, महाराष्ट्र खाली. माझा अब्दाली तिथे अडकला होता. एकदा चुकीचं चित्र बसलं की पुढची वाक्यं त्याच चित्रात कोंबली जातात, आणि आपण चुकलोय असं कोणी सांगतही नाही.

## कीर्तनकाराला हे ठाऊक होतं

यावर तोडगा शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे इतिहास आणि तत्त्वज्ञान शेकडो वर्षं बहुतेकांपर्यंत कानावाटेच पोचलं. नारदीय कीर्तन आठवा. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात आणि त्यावर निरूपण करतात. थोडं पुढे गेलं की परत त्याच चरणावर येतात. पुन्हा पुढे, पुन्हा चरण. मध्यंतरात बुक्का, हार आणि नामाचा गजर होतो. तेवढ्यात श्रोत्याला दम मिळतो, ऐकलेलं खाली बसतं. मग उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून, म्हणजे गोष्टीतून, पुन्हा येतं. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचं 'जी जी' सुद्धा निव्वळ शोभेचं नाही. शाहीर नवीन प्रसंगाला हात घालण्याआधी श्रोत्याला तीन-चार सेकंदांची फुरसत मिळते.

कानाला मागे जाता येत नाही, म्हणून बोलणाऱ्यानेच त्याला मागे नेऊन आणायचं, असा हा सगळा कारभार आहे. डोळ्यांनी वाचताना जी पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, ती कानासाठी दुरुस्तीची सोय असते.

म्हणून 'व्याख्यान ऐकलं' म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिलं, जाहीर व्याख्यान. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात १५९७ पासून लोकांसाठी मोफत व्याख्यानं होतात, आता ती इंटरनेटवरही ऐकता येतात. अशा ठिकाणच्या वक्त्यासमोर ऑफिसातून थेट आलेली, ओल्या छत्र्या घेऊन बसलेली माणसं असतात. तो सावकाश जातो, परत सांगतो, उदाहरणं देतो. बसला हा माल उत्तम.

दुसरं, विद्यापीठातला वर्ग. येल विद्यापीठाने २००७ पासून आपल्या काही अभ्यासक्रमांची सगळी तासिका-व्याख्यानं मोफत उपलब्ध करून दिली. वर्गातले प्राध्यापक दर तासाच्या सुरुवातीला 'मागच्या वेळी आपण कुठे होतो' असं सांगतात, हे प्रवाशाला वरदान आहे. पण ते फळ्यावर लिहितात. "इथून इथे असा बाण" असं कानात आलं की समजावं, हे घरी बसून बघायचं.

तिसरा प्रकार परिषदेत वाचलेल्या निबंधाचा. वीस मिनिटांत चाळीस पानांचा ऐवज, समोर त्याच विषयातले पंधरा जण, वाक्यं कागदासाठी लिहिलेली. यूट्यूबवर असे निबंध ढिगाने आहेत. चांगले आहेत, पण बसमध्ये ते ऐकणं म्हणजे पंगतीत वाढप्याने एकदम सगळे पदार्थ एकाच वाटीत घालण्यासारखं आहे. मी दोन वेळा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कात्रजला जाग आली.

ऑडिओबुक या तिघांच्या मधे कुठेतरी बसतं. ते डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं आणि नंतर आवाजात वाचलेलं. लेखक गोष्टीवेल्हाळ असेल तर कानाला मानवतं. तळटीपांचा आणि सनावळीचा असेल तर निवेदक कितीही गोड गळ्याचा असला तरी निभाव लागत नाही.

## "पण संशोधन तर सांगतं, ऐकणं आणि वाचणं सारखंच"

सांगतं, हे खरं आहे. बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये लोकांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. अर्थ लावताना दोन्ही वेळा मेंदूचे जवळजवळ तेच भाग त्याच पद्धतीने जागे झाले. २०१६ च्या एका अमेरिकन प्रयोगात तर मजकूरही इतिहासाजवळचाच होता, दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या चरित्राचा भाग. काहींनी तो ऐकला, काहींनी वाचला, काहींनी दोन्ही केलं. लगेच आणि दोन आठवड्यांनी परीक्षा घेतली. तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आता दुसरी बाजू. २०१० मध्ये डॅनियल आणि वुडी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एक लेख वाचायला दिला, काहींना तोच पॉडकास्ट म्हणून ऐकायला. चाचणीत ऐकणारे स्पष्ट मागे पडले. २०१३ च्या एका कॅनेडियन अभ्यासात मोठ्याने वाचणाऱ्यांचं मन सगळ्यात कमी भरकटलं आणि नुसतं ऐकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त.

दोन्ही खरं कसं? २०२२ मध्ये व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी अशा ४६ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. एकंदरीत फरक नाहीच. पण वाचणाऱ्याला स्वतःच्या वेगाने जायची मुभा असली की वाचन पुढे जातं, आणि प्रश्न 'काय झालं' यापेक्षा 'यावरून काय ठरतं' असा असला तरीही वाचन पुढे जातं. म्हणजे पुन्हा तेच, मागे जाण्याची आणि थांबण्याची सोय. बाबांचा प्रश्न नेमका दुसऱ्या जातीचा होता. लढाई कोणत्या तारखेला झाली असं त्यांनी विचारलं असतं, तर मी शिताफीने सुटले असते.

आणि ऐकणं म्हणजे 'फसवणूक', 'आळशी वाचन' असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. बोलकी पुस्तकं आली ती आळशांसाठी नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा प्रश्न समोर होता. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पहिली पुस्तकं निघाली. गेली नव्वद वर्षं असंख्य माणसं कानानेच वाचतायत, आणि त्यातल्या अनेकांची स्मरणशक्ती आपल्याला लाजवेल अशी असते. सरावाने कान तयार होतो.

## "दीडपट वेगाने ऐकलं तर दीडपट शिकता येईल ना?"

माझ्या भाच्याचा हा आवडता मुद्दा. त्याच्या बाजूनेही पुरावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगाने दाखवले. दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही, त्यापुढे मात्र घसरण झाली.

पण ते विद्यार्थी फक्त व्हिडिओ बघत होते. त्यांना बस कुठे थांबली, शेजारच्या आजींची पिशवी कुठे ठेवायची, शिरवळला उतरणाऱ्याला वाट कशी द्यायची ही कामं नव्हती. शिवाय साधारण बोलणं मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास असतं. दुप्पट केलं की तीनशे, आणि ती दोन सेकंदांची पाटी तेवढीच. माझा नियम सोपा आहे. ओळखीचा काळ असेल, पेशवाई किंवा दुसरं महायुद्ध, तर सव्वापट. विषय अनोळखी असेल, समजा ऑटोमन साम्राज्य, तर आहे त्याच वेगाने, आणि पहिलं प्रकरण दोनदा. मराठी निवेदक बहुधा संथ वाचतात, त्यांना जरा ढकललं तर त्यांचा अपमान होत नाही.

## एसटीचा आवाज आणि आपला कान

खिडकी उघडी, इंजिनाची घरघर, मागे कोणाच्या तरी मोबाइलवर लावणी. अशा वेळी मेंदूची बरीच ताकद शब्द ओळखण्यातच खर्च होते, समजून घ्यायला थोडीच उरते. मग आपण आवाज वाढवतो, आणि तिथे धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. मात्र दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. डेसिबल हे आवाजाचं माप फसवं आहे. आकडा किंचित वाढतो, ऊर्जा दुप्पट होते.

आवाज दाबणारे इअरफोन इथे खरे कामाचे. ते बाहेरचा आवाज टिपून त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतात, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. इंजिनाची एकसुरी घरघर ते चांगली गिळतात. अचानक वाजलेला हॉर्न किंवा माणसाचं बोलणं तेवढं नाही. घरघर गेली की कमी आवाजात भागतं. रस्त्याने चालताना मात्र ते काढून ठेवावेत, हे सांगायची गरज पडू नये, पण स्वारगेटला रोज बघते म्हणून सांगते.

आणि भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात रेंज जाते, आणि नेमकं विश्वासरावाला गोळी लागायच्या वेळी जाते.

## गाडी चालवणाऱ्याने ऐकावं का?

युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या चमूने २०१३ मध्ये चालकाच्या मनावरचा ताण १ ते ५ अशा पट्टीवर मोजला. नुसती गाडी चालवणं म्हणजे १. रेडिओ १.२१, ऑडिओबुक १.७५, हात न लावता फोनवर बोलणं २.२७. म्हणजे फोनपेक्षा बरं, पण शून्य खर्चाचं नाही. रेडिओपेक्षा जास्त खर्च होतो, कारण पुस्तकाचा धागा धरून ठेवावा लागतो. मोकळ्या महामार्गावर हलकंफुलकं ठीक. घाटात, पावसात, गर्दीत बंद करा. तिथे पुस्तक तरी कळत नाही किंवा रस्ता तरी.

## "लक्षातच राहत नसेल तर ऐकायचं कशाला?"

लक्षात राहण्यासाठी ऐकण्यात बदल करावा लागतो तो शेवटी. रोडिगर आणि कारपिक यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. डोक्यातून बाहेर काढण्याची धडपडच आठवण घट्ट करते.

बसमध्ये हे फुकट जमतं. मी आता भुईंजला एक भाग संपला की इअरफोन काढते आणि खिडकीबाहेर बघत मनात सांगून बघते: कोण, कुठे, कशामुळे. जे अडतं तेवढंच मागे जाऊन ऐकते. आणि नवीन पुस्तक सुरू करण्याआधी स्टँडवर पाच मिनिटं त्या प्रदेशाचा नकाशा बघते. नद्या, तीन-चार शहरं, कोण कुठून येणार. फोनवर त्याचा फोटो ठेवते. तिकिटाच्या पाठीवर नावं लिहायची, एका माणसाची सगळी नावं एका ओळीत. एवढ्याने कानाचं अर्धं ओझं डोळ्यावर जातं, आणि निवेदक बागपत म्हणाला की ते ठेवायला डोक्यात जागा तयार असते.

या पद्धतीने मी पानिपत दुसऱ्यांदा ऐकलं. परवा नाश्त्याला मीच डाव उभा ठेवला, मिठाची डबी खाली, साखरेचा डबा वर. कप, बशी, बागपत, अडीच महिन्यांची उपासमार, सगळं न अडखळता मांडलं. बाबांनी पोह्यांचा घास थांबवून ऐकलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "छान. आणि या सगळ्यात सूरजमल जाट कुठे होता गं?"

तो भाग खंडाळ्याच्या पुढे कुठेतरी येऊन गेला. तेव्हा मला झोप लागली होती.